एमिली एडनची चित्रवही: लाटसाहेबाच्या बहिणीने काय काढलं आणि काय काढलं नाही

पाणरंग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

गेल्या पावसाळ्यात पाठीच्या दुखण्याने महिनाभर अंथरुणात होते. दुसरं काही करता येईना म्हणून जुन्या शिळाछाप चित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती बघत पडायचे. त्यात एमिली एडनची चित्रं समोर आली आणि मी तिथेच अडकले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉर्ड ऑकलंड १८३६ साली गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मग सरकारी वाड्याची यजमानीण कोण होणार? म्हणून दोन अविवाहित बहिणी बरोबर आल्या, एमिली आणि फॅनी. एमिली तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. लंडनचं घर, मैत्रिणी, राजकारणाच्या गप्पा हे सगळं सोडून पाच महिन्यांचा बोटीचा प्रवास करून ती आली. यायची तिला अजिबात हौस नव्हती. पण भावाचं घर हेच तिचं घर होतं, त्यामुळे भाऊ जाईल तिकडे जायचं.

ऑक्टोबर १८३७ मध्ये ऑकलंडचा लवाजमा कलकत्त्याहून निघाला. बनारसपर्यंत नदीने, पुढे खुष्कीने, शिमला आणि मग पंजाब. परत कलकत्त्याला पोचायला १८४० चा मार्च उजाडला. तळाचा आकडा एमिलीने स्वतः पत्रात दिलाय: माणसं सुमारे १२,०००, उंट ८५०, हत्ती १४०, शिवाय शेकडो घोडे. रोज पहाटे तंबू मोडायचे, दहाबारा मैल चालायचं, पुन्हा तंबू ठोकायचे. तिला हे जिणं नकोसं व्हायचं. स्वतःच्या तंबूला तिने ‘दुःखमहाल’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं.

आणि या सगळ्यात ती चित्रं काढत होती. पेन्सिल, जलरंग, कागदांची चळत. शीख सरदार, पहाडी राजे, अकाली, फकीर, लाल गणवेशातले जमादार, शिकारी चित्ते आणि त्यांचे रखवालदार. इंग्लंडला परतल्यावर १८४४ साली यातली निवडक चित्रं लंडनमध्ये शिळाछापाने निघाली, एकूण २४ पाट, म्हणजे छापील चित्रांची पानं. मूळ जलरंगांतली बरीच चित्रं आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहेत.

आता मला जे बोलायचंय ते. त्या काळच्या खानदानी इंग्रज मुलीला चित्र काढता येणं म्हणजे पियानो, फ्रेंच आणि भरतकामाच्या पंगतीतली गोष्ट. घरी मास्तर येऊन शिकवायचे. फुलं, निसर्ग, घरातल्यांचे चेहरे एवढं जमलं की झालं. चांगल्या स्थळासाठी उपयोगी. हे वाचताना मला माझा १९९४ सालचा बायोडाटा आठवला. वडिलांनी टाइप करून आणलेला. ‘छंद: चित्रकला, विणकाम.’ इंटरमिजिएट ड्रॉइंगला माझी ‘ए’ ग्रेड होती, ती कंसात. बघायला आलेल्या प्रत्येकाला माझी फाइल दाखवली जायची, चहाच्या आधी. लग्नानंतर ती फाइल माळ्यावर गेली आणि कुणीही, अगदी कुणीही, तिची चौकशी केली नाही.

एमिलीचं लग्न झालं नाही आणि तिची फाइल माळ्यावर गेली नाही, एवढाच फरक मला पहिल्यांदा दिसला. पण पुढे पत्रं वाचत गेले तशी दुसरी गोष्ट टोचू लागली. १८३७-३८ चा उत्तरेतला दुष्काळ. संवत १८९४ म्हणून तिकडे त्याला ‘चौरानवे’चा अकाल म्हणतात. साधारण आठ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. एमिलीचा तळ ऐन त्याच मुलखातून चालला होता. कानपूरच्या आसपासच्या पत्रांत ती लिहिते की हाडांचे सापळे झालेल्या बायकामुलांना तळावर रोज अन्न वाटलं जातंय. एक तान्हं मूल, डोळे काचेसारखे झालेले, आणि त्याला सांभाळणारं कोण, तर सहा वर्षांचं दुसरं पोर. त्या बाळाला रोज तंबूत आणवून दूध पाजायचं असं तिने ठरवलं.

हे पत्रात आहे. चोवीस पाटांत यातलं काही नाही.

हात थरथरला म्हणून? की कागदावर काय यायचं हे आधीच ठरलेलं होतं? तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

रानजाई

पाणरंग ताई, फाइलीचं वाचून घशात आवंढा आला. माझ्या मोठ्या बहिणीचंही हेच झालं.

थोडी पार्श्वभूमी जोडते. लंडनची रॉयल अकादमी ही चित्रकारांची संस्था १७६८ साली स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून बाई निवडली गेली ती थेट १९३६ साली, लॉरा नाइट. अकादमीच्या शाळेत मुलींना प्रवेशच नव्हता. १८६० साली लॉरा हरफर्डने नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं घालून चित्रं पाठवली, ती पुरुषाची समजून पसंत झाली, आणि मग नाही म्हणता येईना म्हणून तिला घेतलं. तरीही समोर मॉडेल बसवून देह रेखाटायचा वर्ग मुलींना पुढे तीस-बत्तीस वर्षं बंद होता.

म्हणजे एमिलीने शरीररचना शिकायची कुठे? तिची चित्रं नीट बघा. चेहरे किती बारकाईने केलेत, आणि अंगरख्याखालचं शरीर बऱ्याचदा कापडात हरवलेलं असतं. मला तरी ही तिची उणीव वाटत नाही. जेवढं शिकू दिलं तेवढं ती अगदी टोकापर्यंत घेऊन गेली.

बखरवाला

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण तिला फारच पटकन आपल्यातली करून टाकतोय.

ही गव्हर्नर जनरलची सख्खी बहीण. ज्या शिमल्यात बसून ती रंग कालवत होती, तिथूनच १ ऑक्टोबर १८३८ रोजी तिच्या भावाने अफगाण युद्धाचा जाहीरनामा काढला. दोस्त महंमदाला काबूलच्या गादीवरून काढून शाह शुजाला बसवायचं म्हणून. शेवट काय झाला? जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेली फौज आणि तळावरची माणसं मिळून सोळा हजारांच्या आसपास जीव बर्फात आणि खिंडीत संपले. त्यातले बहुतेक हिंदुस्थानी होते, शिपाई आणि नोकरचाकर.

आणि त्याच चोवीस पाटांत दोस्त महंमद आहे! शरण आल्यावर त्याला कलकत्त्याला आणून ठेवलं, तेव्हा १८४१ साली एमिलीने त्याला आणि त्याच्या घरातल्या मुलांना बसवून चित्र काढलं. भावाने गादी घेतली, बहिणीने चेहरा घेतला. चित्र छापून निघालं त्याच्या आदल्याच वर्षी तोच दोस्त महंमद परत काबूलला गादीवर बसला होता.

दुष्काळाचंही तेच. बारा हजार माणसं आणि एवढी जनावरं कोरड्या मुलखातून न्यायची म्हणजे वाटेतला दाणावैरणीचा भाव काय होत असेल? आग्रा-ग्वाल्हेरचा बेत दुष्काळामुळे त्यांनी पुढे ढकलला, हे मान्य. पण दौरा काही थांबला नाही. एका बाळाला दूध पाजणं खरंच असेल, मी खोटं म्हणत नाही. पण तळ कुणाचा होता हे विसरून ते वाचता येत नाही.

पाणरंग

बखरवाला दादा, राग कशाला मानू? बरोबर आहे तुमचं, आणि हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

फक्त एक जोडते. तिला हे अजिबात कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मे १८३९ मध्ये राणीच्या वाढदिवसाचा शिमल्यात नाच झाला, त्यानंतरचं तिचं पत्र आहे. आम्ही १०५ युरोपियन इथे नाचतोय, भोवती किमान ३,००० पहाडी लोक घोंगड्या पांघरून उभे आहेत, आम्ही जवळ गेलो की वाकून मुजरा करतायत. हे लोक आमची सगळ्यांची मुंडकी उडवून विषय संपवत का नाहीत याचं मला कधीकधी नवल वाटतं, असं ती लिहिते. घरी बहिणीला लिहिलेलं खासगी पत्र. छापलं १८६६ साली, म्हणजे सत्तावन्नचा उठाव होऊन गेल्यावर. तोवर ते वाक्य तिने खोडलं नाही, तसंच राहू दिलं.

कळणं आणि थांबवणं यात अंतर आहे, हे तुमचं म्हणणं तरीही उरतंच.

खिळेजुळारी

माझं आयुष्य छापखान्यात गेलं, वडिलांचंही. त्यामुळे मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो.

पाणरंग ताई, तुम्ही बघताय ते छापील पाट असतील तर ती रेघ एमिलीची नाही हे लक्षात घ्या. ती लोज डिकिन्सन नावाच्या कारागिराची आहे. शिळाछापात चुनखडीचा गुळगुळीत दगड घेतात आणि त्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. मग डिंकाचं आणि आम्लाचं पाणी फिरवतात. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते आणि शाई झिडकारते, खडूची जागा शाई धरते. कागद ठेवून दाब दिला की ठसा उमटतो. पण उलटा! म्हणून दगडावर चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. तसं नाही केलं तर सरदाराची तलवार भलत्याच कमरेला जाते. तेव्हा मूळ जलरंग ते दगड, दगड ते कागद, आणि कागदावर पुन्हा हाताने रंग भरायचे. इतक्या हातांतून जाताना चेहऱ्याचं काय काय पुसलं जात असेल विचार करा.

आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी छपाईला हात घातला तो याच शिळाछापाने, आणि काळही तोच, १८३० नंतरचा. आमच्या वडिलांकडे एक जुना दगड होता, काठ झिजलेला. उन्हाळ्यात त्यावर पालथी मूठ ठेवली की गार लागायचा. भंगारात गेला. त्याची हळहळ अजून वाटते.

एक विचारतो. रणजितसिंहाचा पाट पाहिलात का? आणि कोहिनूरचा?

पाणरंग

पाहिले! आणि रेघेबद्दल तुम्ही सांगितलंत ते फार मोलाचं. मूळ जलरंगांचे फोटो शोधून आता शेजारी शेजारी ठेवून बघते.

रणजितसिंहाबद्दल तिचं वर्णन प्रसिद्धच आहे, करड्या मिशांच्या एकडोळ्या म्हाताऱ्या उंदरासारखा दिसतो म्हणून. वाचताना राग येतो. पण तीच पुढे लिहिते की या माणसाने स्वतःला राजा बनवलंय, शत्रू जिंकलेत, आणि प्रजा त्याच्यावर जीव टाकते. खुर्चीवर बसला की एका पायातला मोजा काढून पाऊल हातात धरून आरामात बसायचा, हे तिने टिपलंय. दरबारात सगळे हिऱ्यामाणकांनी लदबदलेले आणि हा साध्या कपड्यांत. चित्रातही तो तसा साधाच आहे. काही महिन्यांनी, जून १८३९ मध्ये तो गेला. म्हणजे त्याच्या अखेरच्या काळात समोर बसून पाहिलेलं हे रूप आहे.

कोहिनूर तिने बाजूबंदात जडवलेला काढलाय, मूळ पैलूंसकट. पुढे १८५२ साली लंडनमध्ये तो पुन्हा कापला, १८६ कॅरटचा १०५ वर आणला. कापण्याआधी तो दंडावर कसा बसायचा हे ज्या मोजक्या चित्रांत दिसतं, त्यात तिचं एक.

आणखी एक प्रसंग. फिरोजपूरच्या भेटीत रणजितसिंहाला द्यायला तिने व्हिक्टोरिया राणीचं चित्र रंगवलं, राज्याभिषेकाच्या वेशातलं. राज्याभिषेक झाला जून १८३८ मध्ये, तेव्हा ही शिमल्यात. वर्तमानपत्रातलं वर्णन वाचून कपडे काढले! सोन्याच्या चौकटीत बसवून तोफांच्या सलामीत ते नजर केलं गेलं. घरात करमणूक म्हणून शिकवलेली कला थेट दोन सरकारांमधली भेटवस्तू झाली. पण त्या कामाबद्दल तिला ‘चित्रकार’ कुणी म्हटलं नाही. ती लाटसाहेबाची बहीणच राहिली.

दूधगंगा

उशिरा आले धाग्यावर. आमच्या कागलचा संबंध सांगितल्याशिवाय राहवेना.

एडन बहिणींना बनारसला एक बाई भेटली होती, फॅनी पार्क्स. अलाहाबादच्या एका कंपनी अधिकाऱ्याची बायको. ही नवऱ्याला घरी ठेवून स्वतः होडीने यमुनेतून आग्र्यापर्यंत जायची, सतार शिकायची, चित्रं काढायची. आपण ‘स्वतंत्र बाई’ आहोत असं तिने एडन बहिणींना सांगितलं, आणि त्या दोघींना ते जरा जास्तच वाटलं.

या फॅनीची गाठ १८३५ साली फतेगडला बायजाबाई शिंद्यांशी पडली. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची बायको. दौलतराव गेल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार हाकला, आणि १८३३ साली दत्तक जनकोजीरावाने तिला बाहेर काढलं. फॅनी लिहिते: केस पिकलेले, हसू गोड, हातपाय लहान आणि रेखीव, अंगावर साधं तांबडं रेशमी वस्त्र, दागिना म्हणाल तर सोन्याच्या दोन साध्या बांगड्या. विधवा म्हणून.

तळावर बायजाबाईंच्या घरातल्या मुली नऊवारीचा कासोटा घालून घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायच्या. फॅनी आली ती इंग्रजी रिवाजाने, दोन्ही पाय एकाच अंगाला. तिला तशी बसलेली बघून या बायका हसल्या. मग तिला मराठी वेश नेसवला आणि आपल्या पद्धतीने घोड्यावर चढवलं. तिला ते इतकं सोयीचं वाटलं की बायकांची जुनी बैठक बदलली ती एलिझाबेथ राणी मूर्खच, असं तिने लिहून ठेवलं.

पुढे गप्पा रंगल्या त्या कायद्यावर. इथल्या विधवेची दशा आणि तिथल्या लग्न झालेल्या बाईची दशा. इंग्लंडच्या कायद्याने बायको ही नवऱ्याची गुलामच, असं फॅनीने सरळ लिहिलंय. खरंच होतं ते. बायकोच्या कमाईवर आणि मालमत्तेवर तिचा हक्क यायला १८७० आणि १८८२ चे कायदे व्हावे लागले. एमिली अविवाहित होती म्हणून तिचे पैसे, तिचे कागद, तिची चित्रं तिच्याच नावावर राहिली. पाणरंग ताईंच्या माळ्यावरच्या फाइलीचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

एडन मंडळी ग्वाल्हेरला गेली १८४० च्या सुरुवातीला. तोवर बायजाबाई तिथे नव्हती. दोघींची भेट झाली असती तर एमिलीने तिला कशी बसवली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तिरफळ

दूधगंगा, काय सुंदर लिहिलंस गं.

मी चित्रांतली जाणकार नाही. पण चित्रवही म्हटल्यावर मला आजीची रांगोळीची वही आठवली. पंधरा ते आठ, एकोणीस ते दहा, ठिपक्यांची मोजणी वर लिहिलेली, पान पुरलं नाही तर लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू टाचणीने जोडलेली. शेजारणीची बघून उतरवलेली असली तर खाली तिचं नाव. ‘जोशी वहिनी, दिवाळी.’ एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. आजी गेली तेव्हा सोनं वाटलं, भांडी वाटली. वही मी मागून घेतली तर सगळे म्हणाले, घे की, त्यात काय.

पाणरंग ताई, तुमचा मूळ प्रश्न, दुष्काळ का काढला नाही. मला वाटतं चित्र काढायला समोरच्याला बसवावं लागतं ना? राजाला बसवता येतं. नोकराला हुकूम देऊन उभं करता येतं. उपाशी लेकराला ‘हलू नको’ कसं म्हणायचं?

बखरवाला

तिरफळ, तुमच्या या प्रतिसादानंतर मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.

तरी माझं मत थोडं वेगळं आहे. राजांच्या आणि रयतेच्या चित्रांचा संच घेणारं गिऱ्हाईक लंडनमधलं, पैसेवालं. त्यांना भरजरी पागोटं हवं होतं. एमिलीने उपाशी पोर काढलं असतं तरी ते पाटावर चढलं नसतं. तिच्या न छापलेल्या कागदांत काही असेल तर ते कोलकात्यात बघायला हवं. ताई, तुम्ही गेलात तर मीही येतो.

पाणरंग

नक्की जाऊ. डिसेंबरात जमवते.

तिरफळ, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री पेन्सिल घेतली. आधी तिचा एक जमादार उतरवला, हात बसावा म्हणून. चेहरा करायला तिने लहान कुंचल्याने ठिपक्यांसारखे बारीक फटकारे मारलेत, गालापाशी एकावर एक. दाढीशी आल्यावर रंग जवळजवळ कोरडा. खाली पायांपाशी मात्र नुसता पातळ पाण्याचा हात, आणि मागे काहीच नाही, कोरा कागद. ना तंबू, ना रस्ता, ना रस्त्यावरचं कुणी. जवळपास सगळ्यांच्या मागे असंच कोरं आहे. माणूस उचलून कागदावर ठेवल्यासारखा. हे मला उतरवून बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

मग ते सहा वर्षांचं पोर काढायला गेले. पत्रात त्याच्याबद्दल दोनच ओळी आहेत. नाव नाही, मुलगा की मुलगी तेही कळत नाही. मी तीनदा खोडलं. बाळाला त्याने कसं धरलं असेल हेच मला कळेना. मांडीवर? पाठीशी बांधून?

तिरफळ

कडेवर, ताई. सहा वर्षांचं पोर तान्ह्याला कडेवरच घेतं.

आमच्या गावाला दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पालांवर मोठी पोरं लहानांना सांभाळत असतात. कमरेला भार पेलत नाही म्हणून ते एका अंगाला पार वाकतं, कंबर बाहेर काढून. बाळाखालून घेतलेला हात पुरत नाही, मग दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरतं, घट्ट. आणि बाळाचे पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबतात.